बांधाच्या अलीकडे नळ, पलीकडे स्वच्छ भात: कीड न लागणारं बियाणं खरंच असतं का?

सरदकार (पेडणे) | रविवार, दुपारी २.१५

नमस्कार मंडळी.

आज सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून अनवाणीच शेतावर गेलो. आमची खेर जमीन, सव्वा एकर, सरदीचं म्हणजे पावसाळी भात. जया हा वाण लावलाय. यंदा तरवा (लावणीची रोपं) उशिरा तयार झाला आणि मजूर मिळेनात, त्यामुळे लावणी जुलैच्या अखेरीस गेली. लांबून सगळं हिरवंगार दिसत होतं. जवळ गेलो तर चुडाचुडांत एखाददुसरा फुटवा वेगळा दिसायला लागला. पानच नाही, नुसती फिकट रुपेरी नळी, कांद्याच्या पातीसारखी. एक ओढून बोटांत दाबली तर पोकळ. दुसऱ्या नळीच्या शेंड्याजवळ बारीक भोक आणि त्यातून पांढरट कोष अर्धा बाहेर आलेला. माशी उडून गेली होती, साल तेवढी मागे राहिली होती.

गादमाशी म्हणतात ती हीच, एवढं मला ठाऊक आहे. प्रश्न पुढचा आहे. बांधाच्या पलीकडे शेजारच्या आबांचं शेत. पाणी तेच, माती तीच, लावणीत चार दिवसांचं अंतर. त्यांचं बियाणं मुलीच्या सासरहून, कारवारकडून आलेलं, लाल दाण्याचं. त्यांच्या शेतात मी बांधावरून वाकून वाकून पाहिलं, नळ जवळजवळ नाहीतच. आबांनी औषध टाकलेलं नाही, त्यांना ते परवडतही नाही.

मग हे बियाण्यातच आहे का? असेल तर भाताचं रोप माशीला अडवतं तरी कसं? आणि असलं बियाणं आपण सगळ्यांनी का लावत नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं. चवथीच्या धावपळीत असाल तरी सांगा, मी वाट पाहीन.

---

मानसकाठी | रविवार, संध्याकाळी ७.४०

तुझ्या वर्णनावरून गादमाशीच. आमच्या वडिलांच्या तोंडी एक वाक्य असायचं, "आषाढात लावलेलं भात आपलं, श्रावणातलं माशीचं." ढगाळ हवा, रिमझिम आणि दमट वारा लागला की ती माजते. पहिल्या पावसात लावून मोकळे झाले त्यांचं भात फुटव्यांच्या बाबतीत पुढे गेलेलं असतं, ते निसटतं.

एक अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी मी नळ दिसल्याबरोबर धावत तालुक्याच्या गावी गेलो. एका दुकानदाराने दाणेदार औषध दिलं आणि आठ दिवसांत फरक दिसेल म्हणाला. टाकलं. नळ झालेला फुटवा काही पुन्हा भात होत नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. पैसे गेले ते गेलेच, पण माझं शेत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या, वरच्या अंगाला आहे. तिथलं पाणी ओहोळातून मानशीपाशी, म्हणजे खाडीच्या पाण्याच्या झडपेपाशी, जातं. त्या आठवड्यात आमच्या पोंयीत, मानशीजवळच्या डोहात, सुंगटं (कोळंबी) मेलेली दिसली. औषधानेच मेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तेव्हापासून माझा हात औषधाच्या पिशवीकडे जात नाही. तेव्हा बियाण्यातून काही होत असेल तर मलाही ते हवं आहे.

---

ओंबी | सोमवार, रात्री ९.१०

सरदकार, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझं माहेर फोंड्याचं. हैदराबादेत अकरा वर्षं भाताचे वाण किडींसमोर तपासायच्या कामात होते. जमेल तेवढं सांगते.

आधी गादमाशी काय करते ते. ती डासासारखी नाजूक असते आणि अंडी पानावर घालते. अंड्यातून निघालेली अळी पानावरच्या ओलाव्यातून घसरत खाली पोंग्यात, फुटव्याच्या वाढत्या टोकापर्यंत जाते. म्हणून तिला रिमझिम लागते. कोरड्या पानावर ती वाटेतच सुकून मरते. मानसकाका, तुमच्या वडिलांचं श्रावणाचं निरीक्षण इथे तंतोतंत बसतं. अळी टोकाशी पोचली की तिच्या लाळेने रोपाची वाढच वाकडी होते. जिथून पान आणि पुढे लोंबी यायची तिथे नळी तयार होते, आणि अळी त्या नळीत घर करून राहते. म्हणजे रोप स्वतःच्या अंगातून किडीसाठी घर बांधतं.

आता प्रतिकार. पेंटर नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली याचे तीन प्रकार मांडले, आजही आम्ही तेच वापरतो. पहिला, कीड रोपाकडे फिरकतच नाही किंवा अंडी घालत नाही. दुसरा, कीड येते, खाते, पण रोपातल्या कशाने तरी मरते किंवा तिची वाढ खुंटते. तिसरा, कीड लागते, तरी रोप नवे फुटवे काढून पीक देतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिन्ही उपयोगाचे, पण आतलं काम अगदी वेगळं.

गादमाशीच्या बाबतीत बहुतेक दुसरा प्रकार चालतो. प्रतिकारक वाणात अळी वाढत्या टोकापर्यंत पोचते आणि तिथेच मरते. काही वाणांत तिच्या भोवतीचा कोवळा भाग काळा पडून मरतो, म्हणजे रोप आपला एवढासा तुकडा गमावून अळीला उपाशी मारतं. काहींत असा काळा डाग दिसतही नाही, तरी अळी मरते. डाग असेल तर फुटवा चिरून भिंगाखाली पाहिला की दिसतो, मोहरीहून बारीक.

आपल्या देशात यावर फार जुनं काम आहे. वरंगळला ईश्वरकोरा नावाच्या देशी भाताचा संकर करून डब्ल्यू-१२६३ हा वाण काढला, त्यातलं जनुक जीएम-१. सयाम-२९ हे थायलंडकडचं भात, त्याचा आयआर-८ या बुटक्या, भरपूर उत्पन्नाच्या वाणाशी संकर करून सुरेखा आणि फाल्गुना हे वाण आले, त्यांच्यातलं जनुक जीएम-२. अशी दहाहून जास्त जनुकं आता ओळखली गेली आहेत. गव्हाची गोष्ट याहून जुनी आहे. अमेरिकेत गव्हावर याच कुळातली हेसियन माशी पडते. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं होतं की 'अंडरहिल' नावाच्या गव्हाला तिचा उपद्रव कमी होतो. तुम्ही बांधावर उभं राहून जे पाहिलंत तेच त्यांनी पाहिलं होतं.

पण आबांचं भात प्रतिकारक आहे असं मी अजून म्हणणार नाही. ते नुसतं निसटलेलं असू शकतं. चार दिवस आधी लावणी, लवकर फुटवे, रोपांत कमी दाटी, एवढ्यानेही नळ कमी दिसतात. खरं तपासायचं असेल तर पुढच्या सरदीला दोन्ही बियाणी एकाच दिवशी, एकाच खाचरात, शेजारशेजारच्या पट्ट्यांत लावा, मुद्दाम थोडी उशिरा. मग दोन्हींतल्या वीस-वीस चुडांतले सगळे फुटवे मोजा आणि नळ किती ते मोजा. यंदाही एकदा मोजून ठेवा.

---

सरदकार (पेडणे) | सोमवार, रात्री १०.०५

ताई, दोनदा वाचलं. उद्या मोजतो.

एक विचारू? हे जनुक सापडलंय, वाण आहेत, मग प्रश्न मिटला का नाही?

---

ओंबी | मंगळवार, सकाळी ६.५०

कारण माशीही बदलते. फाल्गुना आंध्रात मोठ्या क्षेत्रावर लावला गेला आणि १९८० च्या दशकात श्रीकाकुळमकडे त्याच फाल्गुनावर नळ यायला लागले. माशीच्या लाखो पिल्लांत एखादी त्या जनुकाला दाद देत नाही. सगळीकडे तोच वाण असला की इतर मरतात, ती एक उरते आणि पुढचा सगळा वंश तिचा. गादमाशीचे असे सात प्रकार आपल्या देशात नोंदवलेले आहेत. त्यामुळे हैदराबादेत उत्तम ठरलेला वाण पेडण्यात चालेलच असं नाही. म्हणून नवा वाण देशातल्या अनेक केंद्रांवर एकाच वेळी लावून बघतात. १९६५ पासून भातासाठी ही अखिल भारतीय व्यवस्था चालू आहे.

---

वायंगण | मंगळवार, दुपारी १२.३०

विषय गादमाशीचा आहे, तरी आमच्या तुडतुड्यांचं विचारतो. वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, मार्चच्या सुमारास, शेताच्या मधोमध गोल चट्टा पिवळा पडतो. आठ दिवसांत तो तपकिरी होऊन आग लागल्यासारखा बसतो आणि चट्टा वाढत जातो. चूड बाजूला करून पाण्याच्या वर बोटभर पाहिलं तर बुंध्याला तपकिरी किडे चिकटलेले, हात लागला की तिरके पळतात. गेल्या वर्षी मी तीन फवारण्या केल्या. प्रत्येक फवारणीनंतर दोन दिवस बरं, मग आधीपेक्षा जास्त. असं का होतं?

---

ओंबी | मंगळवार, रात्री ९.३०

वायंगण, तुमच्या प्रश्नात या विषयातला सगळ्यात मोठा धडा आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तपकिरी तुडतुडा बुंध्यात सोंड खुपसून रोपाचा अन्नरस शोषतो. मादी अंडी पानाच्या देठाच्या आवरणात, आत घालते. तिथे फवारा पोचत नाही. फवाऱ्याने मरतात ते कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे हिरवे ढेकूण. तुडतुडा आठवड्याभरात अंड्यांतून पुन्हा बाहेर येतो, कोळी यायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे काही औषधांनी, विशेषतः वरून मारलेल्या जहाल फवाऱ्यांनी, तुडतुडे कमी होण्याऐवजी वाढतात. तुमची चूक नाही, हे आशियाभर झालेलं आहे.

आता बियाण्याची गोष्ट. १९६० च्या दशकाच्या शेवटी फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हजारो वाण तुडतुड्यांसमोर तपासले. आपल्याकडचा मुडगो नावाचा वाण उभा राहिला. त्याच्यातल्या जनुकाला बीपीएच-१ म्हणतात. तमिळनाडूच्या अंबासमुद्रमचा एएसडी-७ हाही आपलाच, त्यात बीपीएच-२. बीपीएच-१ घालून १९७३ मध्ये आयआर-२६ आला आणि शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. दोन-तीन वर्षांत फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाममध्ये त्याच्यावर तुडतुडा बसायला लागला. मग १९७६ मध्ये आयआर-३६, त्यात बीपीएच-२. तो एके काळी जगात एक कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर होता. पुढे सुमात्रात तुडतुड्याने आणखी नवं रूप घेतलं. हे चक्र पाहून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना कोळी, ढेकूण ओळखायला शिकवलं. बियाणं आणि शेतातले मित्रकिडे दोन्ही एकत्र चालले तेव्हा कुठे ते स्थिरावलं.

मला या सगळ्यात आयआर-६४ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८५ चा वाण. त्यातही बीपीएच-१ च आहे, पण सोबत लहान-लहान परिणामाची इतर जनुकं आहेत. त्याच्यावर तुडतुडा मरत नाही, मंदावतो. कमी अंडी, कमी पिल्लं, उरलेलं काम कोळ्यांचं. असा मध्यम प्रतिकार कडक प्रतिकारापेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकला. माझं स्वतःचं मत अकरा वर्षांत हेच झालं: किडीला पूर्ण मारणारं बियाणं मागू नका, तिला दमवणारं मागा.

आयआर-३६ बद्दल आणखी एक. तुडतुडा गवताळ खुजेपणाचा विषाणू पसरवतो. त्याला दाद न देणारं भात शोधताना हजारो नमुने पडले. शेवटी उपयोगी पडलं ते उत्तर प्रदेशातून गोळा केलेलं जंगली भात, ओरायझा निवारा. निवारा म्हणजे आपलं देवभात, ऋषिपंचमीला कोकणात शोधतात ते. तळ्याच्या काठचं, कुणी न पेरलेलं.

---

तळ्याकाठी | मंगळवार, रात्री ११.००

देवभाताचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजीने ते नेहमी तळीवरून आणलं, आम्ही ते तण म्हणून काढतो.

ताई, वाण तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

---

ओंबी | बुधवार, सकाळी ७.१५

सांगते, मला ते दृश्य अजून दिसतं.

पत्र्याचा उथळ ट्रे, त्यात चिखल. त्यात एकेका वाणाच्या वीस-पंचवीस रोपांची एक ओळ. एका कडेला टीएन-१ हा तैवानी वाण, त्याला तुडतुडा हमखास लागतो. दुसऱ्या कडेला केरळच्या पट्टांबीचा पीटीबी-३३, तो हमखास टिकतो. रोपं वीतभरही झालेली नसतात, त्यांच्यावर तुडतुड्यांची पिल्लं सोडायची, प्रत्येक रोपाला आठ-दहा. वर जाळी. पहिले तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. मग टीएन-१ ची पानं टोकाकडून पिवळी होतात, आणि एका सकाळी पाहावं तर ती ओळ गवताच्या पेंढीसारखी आडवी. टीएन-१ जवळजवळ सगळा मेला की त्याच क्षणी बाकीच्या ओळींना ० ते ९ गुण द्यायचे. ० म्हणजे हिरवंगार, ९ म्हणजे गेलं. पीटीबी-३३ तेव्हाही उभा असतो. पहिल्या वेळी मी किती तरी वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले होते.

दुसरी चाचणी याहून सुंदर आहे. रसायन लावलेला गाळणकागद रोपाच्या बुंध्याशी पसरायचा. तुडतुडा रस पितो तेवढा गोडसर द्राव खाली टाकतो आणि कागदावर निळे ठिपके उठतात. टीएन-१ खाली कागद निळ्या डागांनी भरतो, प्रतिकारक वाणाखाली चारदोन बारीक ठिपके. किडा सोंड खुपसतो, पण त्याला प्यायला मिळत नाही. कारण रोप आपल्या रसवाहिन्यांत कॅलोज नावाचं बूच भरतं. २००९ मध्ये चीनच्या वुहानमध्ये बीपीएच-१४ हे जनुक वेगळं करण्यात आलं तेव्हा हे नीट कळलं. ते जंगली भाताकडून आलेलं. २०१५ मध्ये श्रीलंकेच्या रथु हीनति या देशी भाताचं बीपीएच-३ उलगडलं. तिथे एक नाही, शेजारशेजारची तीन जनुकं मिळून काम करतात.

---

मालदांडी (मूळ सोलापूर, सध्या वास्को) | बुधवार, दुपारी १.४५

मी भातवाला नाही, पण हे वाचून ज्वारी आठवली. आमच्याकडे रब्बी ज्वारीवर खोडमाशी पडते. पंधरा-वीस दिवसांच्या रोपाचा मधला पोंगा वाळतो, ओढला की हातात येतो आणि बुडाशी कुजका वास. त्याला आम्ही पोंगेमर म्हणतो. मालदांडी, म्हणजे एम-३५-१, हा १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेला वाण. नवनवीन संकरित ज्वाऱ्या आल्या, पण खोडमाशीपुढे मालदांडी टिकून आहे. वडील सांगायचे, कोवळ्या मालदांडीचं पान तेलकट चमकतं. त्याचा माशीशी संबंध आहे का?

---

ओंबी | बुधवार, रात्री ८.५५

आहे, आणि थेट आहे. वडिलांनी पाहिलेलं ते चमकणारं पान हीच निवडीची खूण आहे. चमकदार पानाच्या ज्वारीवर खोडमाशी अंडी कमी घालते, पानावरचे बारीक काटे अळीला अडवतात. शिवाय अशा वाणांच्या पोंग्यावर पहाटे ओलावा कमी असतो. अळीला पोंग्यात उतरायला ओलावा लागतो, तो मिळत नाही. गादमाशीची अळी आणि ज्वारीची अळी, दोघींनाही पाण्याचीच वाट लागते. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथे यावर खूप काम झालंय.

---

हिरवीमेर | बुधवार, रात्री १०.२०

माझा प्रश्न खोडकिड्याचा. आमच्याकडे पळींज जास्त. लोंबी पांढरी, ताठ, उभी, हाताला हलकी. ओढली की खालून तुटून येते. खोडकिड्याला न जुमानणारा वाण का सांगत नाही कोणी? आणि बीटी कपाशीसारखं बीटी भात का नको?

---

ओंबी | गुरुवार, सकाळी ७.००

कारण पिवळ्या खोडकिड्याला कडक प्रतिकार करणारं भात मिळालेलंच नाही. हजारो वाण तपासले, टीकेएम-६ सारखे काही मध्यम टिकतात, आयआर-२० मध्ये तो गुण आणला. पण गादमाशीसारखं एका जनुकाने काम फत्ते, असं इथे नाही. अळी खोडाच्या आत असते, तिथे तिला अडवायला रोपाकडे फारसं काही नाही.

बीटी भात तयार झालेलं आहे. चीनने २००९ मध्ये दोन बीटी वाणांना सुरक्षितता प्रमाणपत्रं दिली, पण ती शेतात आली नाहीत. आपल्याकडे भाताला तशी परवानगी नाही. माझी भीती वेगळी आहे. आपल्या तळीकाठी देवभात आहे आणि भाताचे परागकण त्याच्यापर्यंत पोचतात. ज्या जंगली भाताने आपल्याला विषाणूपासून वाचवलं, त्याच्यात काय मिसळतंय हे नीट तपासल्याशिवाय मी घाई करणार नाही. इथे सगळेच सहमत नसतील, ते मला मान्य आहे.

तोवर एक करा. खोडकिड्याची मादी तरव्याच्या पानांच्या टोकाजवळ अंड्यांचा पुंजका घालते, वर पिवळट-तपकिरी केसांचं पांघरूण असतं. लावणीआधी तरव्याच्या जुड्यांची टोकं कापून टाकली की ते पुंजके शेतात येतच नाहीत. कापलेली टोकं बांधावर फेकू नका, पुरून टाका.

---

हिरवीमेर | गुरुवार, सकाळी ८.४०

आमच्या सासूबाई ही टोकं कापायच्या. मी समजत होते रोपं सरळ दिसावीत म्हणून.

---

मानसकाठी | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

बाईंनो, खाजनाचं काय? आमच्या खालच्या शेतात मेर (बांध) फुटली की खारं पाणी येतं. तिथे जया नाही, आमचं कोरगुटच टिकतं. उंच होतं, लोळतं, उत्पन्न कमी देतं, पण खाऱ्यात उभं राहतं. आणि मी वर सांगितलं तसं, मानशीच्या आत भात आणि मासळी एकाच पाण्यावर. औषध मारलं की दुसऱ्याच्या ताटातलं जातं. आमच्यासाठी कोणी बियाणं काढतंय का, खारं पाणीही सोसणारं आणि किडीलाही?

---

ओंबी | गुरुवार, रात्री ९.४५

काका, हा या सगळ्या धाग्यातला मला सर्वांत जवळचा प्रश्न. औषध जिथे मारताच येत नाही, तिथे बियाण्यातला प्रतिकार सर्वांत मोलाचा.

ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ हे क्षार सोसणारे वाण दिले आहेत. केरळच्या मोंकोंपू इथल्या भात संशोधन केंद्राने पोक्काळी या खाऱ्या पाण्यातल्या देशी भाताचा संकर वापरून उमा वाण काढला. तो तुडतुडा आणि गादमाशी दोन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या भाताच्या वंशात किडीचा प्रतिकार येऊ शकतो.

तुमच्या कोरगुटात बाहेरचं जनुक आणायचं तर पद्धत अशी. कोरगुटाचा संकर प्रतिकारक वाणाशी करायचा. जे येईल ते अर्धं कोरगुट. त्याचा पुन्हा कोरगुटाशी संकर, पुन्हा, पुन्हा, पाच-सहा पिढ्या. दर पिढीत रोपाच्या पानाचा बारीक तुकडा घेऊन डीएनएवर खूण बघायची की हवं ते जनुक आलं का. नसेल तर ते रोप सोडून द्यायचं. पूर्वी त्यासाठी दर वेळी किडे सोडून वाट बघावी लागे, आता पानाच्या तुकड्यावर कळतं. तरीही शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत आठ-दहा वर्षं जातात. आणि एक जनुक घालून थांबायचं नाही, दोन-तीन एकत्र घालायची, म्हणजे माशीला एकाच वेळी सगळी ओलांडावी लागतात.

पण त्याआधी एक काम, ते आपलं आहे. कोरगुट, आसगो, दामगो, पाटणी, ही भातं किडींसमोर कशी वागतात याच्या नोंदी घरोघरी आहेत, पण कागदावर नाहीत. तुमच्या वडिलांचं श्रावणाचं वाक्य तशीच नोंद होती.

---

वायंगण | शुक्रवार, सकाळी ९.००

मग पुढच्या वायंगणात मी काय करू? नवं बियाणं हाती येईपर्यंत?

---

ओंबी | शुक्रवार, सकाळी ९.३५

युरिया एकदम टाकू नका, तीन हप्त्यांत द्या. हिरव्याकंच दाट शेतात तुडतुडा माजतो. दर आठ-दहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा, बुंध्याशी उजेड आणि वारा लागू द्या. आठवड्यातून दोनदा मधोमध चूड वाकवून पाहा, कडेला पाहून उपयोग नाही, चट्टा मधून सुरू होतो. तुडतुडे दिसले तर चार दिवस पाणी काढून टाका. आणि कोळी दिसले तर फवारा हातात घेऊ नका.

---

सरदकार (पेडणे) | शनिवार, रात्री ८.२०

मोजून आलो. बायको आणि थोरली मुलगी दोघी सोबत होत्या, मुलगी वहीत लिहीत होती.

माझ्या जयात वीस चुडांपैकी सतरा चुडांत निदान एक तरी नळ. काही चुडांत तीन-चार. आबांच्या वीस चुडांत दोनच नळ मिळाले, दोन्ही एकाच चुडात, बांधालगत. ताई, तुम्ही म्हणता तसं हे निसटणंही असेल. म्हणून आबांकडून पायलीभर बियाणं राखून ठेवायला सांगितलंय. पुढच्या सरदीला मधल्या खाचरात दोन पट्टे, एकाच दिवशी. आबांना बियाण्याचं नाव विचारलं. त्यांनी मुलीला फोन लावला, मुलीने सासूला विचारलं, सासू म्हणाली, "नाव कसलं, आमचं लाल भात." एवढंच.

एक गोष्ट सांगायची राहिली. आबांच्या शेतात एक फुटवा मी चिरून पाहिला, चांगला दिसणारा. आत टोकापाशी मोहरीहून बारीक काळा ठिपका होता. तोच का तो, ताई?

---

ओंबी | शनिवार, रात्री ८.४५

असू शकतो! एका फुटव्यावरून ठरवता येत नाही. आणखी दहा चिरा, भिंग घेऊन. मोबाईलने जवळून फोटो काढा आणि इथेच टाका. तसे ठिपके पाच-सहा फुटव्यांत दिसले तर आबांचं बियाणं निसटलेलं नाही. मग त्यातलं मूठभर ओल्ड गोव्याला तपासायला नक्की द्या, आणि आबांच्या नावाने द्या.

---

मानसकाठी | शनिवार, रात्री ९.३०

सरदकारा, माझ्याकडे आसगोचं बियाणं आहे. आमच्या घरी अजून पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवतात, पोत्यात नाही. तुझ्या त्या खाचरात तिसरा पट्टा होईल का? होत असेल तर चवथीनंतरच्या रविवारी ये. मुडी तुझ्यासमोर सोडू, लागेल तेवढं ने.

---

सरदकार (पेडणे) | शनिवार, रात्री ९.४०

येतो काका. मुलीलाही आणतो, वही घेऊन.